बंद खोलीतली शेगडी

वरवंड, ७ जानेवारी २०२५

चि. सतीशला अक्काचा जयभीम. वि. वि.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद. परवा रांजणगावला तुझ्या घरी आले तर आबा खोकून खोकून निळे पडलेले. खिडकीला थर्माकोल, फटींना चिकटपट्टी, आन् पलंगाशेजारी कोळशाची शेगडी! मी शेगडी दारात ओतली, पट्टी फाडली, तर तुझी करुणा माझ्यावरच तडकली. बाप आपला हाय, सतीश. रोज घटकाभर खिडकी उघडली तर थंडी त्यांना खाणार न्हाई, तो धूर खाईल.

बहिणीची काही किंमत उरली असंल तर ऐक.

— अंजना

रांजणगाव, १२ जानेवारी

ति. अक्कास जयभीम.

वर्षातनं दोनदा येतीस आन् अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतीस, की सून सासऱ्याला मारायला बसलीय. करुणा तीन दिवस घराबाहेर पडली न्हाई. शेगडी आबांनीच मागितली, हुडहुडी भरती त्यांना. घरामागं कंपनीच्या गाड्यांची रांग, खिडकी उघडली की भाकरीवर धूळ. तुझ्या घरी चूल पेटती तवा धूर दिसत न्हाई का? खिडकी मी पुन्हा बुजवली, आता खिळे ठोकून. इथं येऊ नकोस.

तुझा लोभ तुझ्यापाशीच ठेव.

— सतीश

रांजणगाव, २१ जानेवारी

अंजनाअक्कांना करुणाचा जयभीम.

गुरुवारी हे फर्स्ट शिफ्टला गेले. सकाळी थंडी फार, म्हणून आबांजवळ शेगडी सरकवून मी तिथंच भाजी निवडत बसले. डोकं दुखायला लागलं. उठायला गेले तर पाय उचलंना. आबांना हाक मारली, ते ओ देईनात. सरपटत दारापर्यंत गेले, कडी काढली, पुढचं आठवत न्हाई. शेजारच्या गोकुळभावजींनी दोघांना बाहेर ओढलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा वायू साठला, अजून थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. आबा कालच दवाखान्यातनं घरी आले. बोलतात, जेवतात.

खिळे मी स्वतः उपटले. शेगडी भंगारात दिली. आबांना दोन गोधड्या आन् कानटोपी, खिडकी दिवसभर बोटभर उघडी. यांनी ते पाहिलं आन् उरलेला थर्माकोल काढून टाकला. तुम्हाला लिहायची त्यांना लाज वाटती, म्हणून मी लिहिते.

तुमचं खरं होतं. पण ते सांगताना तुम्ही मला चारचौघांत खुनी केलंत, ते मी विसरणार न्हाई. आबा रोज विचारतात, अंजी कवा येणार. रविवारी या. त्यांच्यापाशी हवं तितकं बसा. माझ्याशी बोलू नका.

लोभ मागत न्हाई.

— करुणा