लेकीच्या घरचं पाणी

आबा, आज पुण्याहून आले आणि लुगडंही न बदलता तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, अक्षरओळख तर तुम्हाला नव्हतीच. तेव्हा मी काहीही लिहिलं तरी तुम्ही रागावणार नाही, हा केवढा फायदा!

कॉलेजात मला भेटायला आलात तो दिवस आठवतो? नवरा नीट ओळखीचा व्हायच्या आत मी विधवा झाले होते, आणि दहिवलीच्या मास्तरांच्या नादी लागून तुम्ही मला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलंत. गावानं तुमचं डोकं खाल्लं. पोरगी बाटणार, हाताबाहेर जाणार, एक ना दोन. शेवटी मला परत आणायलाच काकांनी तुम्हाला कर्जतला गाडीत बसवून दिलं, हे माझ्या कानावर आलं होतं. त्यामुळे तुम्ही दारात दिसलात आणि मी आधी तुमच्या मागे काका आहेत का ते पाहिलं. खांद्यावर तांदळाचं गाठोडं, काखेत सुक्या जवळ्याची पुरचुंडी. घाट चढेपर्यंत डब्यातली माणसं नाक धरून बसली असणार. कॉलेजच्या मुख्य बाईंनी स्वतः पाणी आणलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांना वाटलं, विटाळ मानतात, म्हणून त्यांनी ब्राह्मण स्वयंपाकीणबाईंच्या हातून तांब्या मागवला. तरी नाही. ओठ सुकलेले, पण तांब्याकडे बघायलासुद्धा तयार नाही. बाईंचा चेहरा पडला. मी म्हटलं, झालं, आता गाशा गुंडाळा.

तुम्ही मुंडासं सावरलंत आणि म्हणालात, "बाई, राग मानू नका. लेकीच्या सासरी आमी पानी पीत नाय. तिला पोर झालं का मंग पिऊ."

बाई हसत सुटल्या, आणि मी खांबाआड जाऊन रडले. सासर म्हणालात! सासरी दिलेली लेक कुणी कायमची माघारी नेतं का? गाठोडं ठेवून तुम्ही आलात तसे परत गेलात. गावाला काय सांगितलंत, ते मात्र मला कधी कळलं नाही.

पुढे खालापूरकडे मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा तुम्ही न कळवता येऊन उंबऱ्याशी बसलात. एक शेंबडी पोर ओळीवर बोट ठेवून, अडखळत धडा वाचतेय. तुम्ही डोळे मिटून ऐकताय. तिचा धडा संपला, तसे तुम्ही म्हणालात, "आता आन गं पानी." अख्खा तांब्या रिकामा केलात. आबा, इतका आनंद मला पास झाल्याचं कळलं तेव्हाही झाला नव्हता.

तीच पोर आज त्याच कॉलेजात पोचवून आले. आता मुख्य बाई दुसऱ्या आहेत. त्यांनी पाणी पुढे केलं आणि माझा हात आपोआप मागे गेला.

तुमच्या गावी टपाल जात नाही, म्हणून हे पेटीतच ठेवते. एवढंच सांगते, तहान नाही असं मी त्यांना म्हणाले, ते साफ खोटं होतं. स्टेशनावर पोचल्या पोचल्या घटाघटा प्यायले.