दहा लाखांच्या अलीकडचे दोघे

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. फोटोला हार घालण्याआधी एका गोष्टीचा जाब विचारायचा आहे, म्हणून लिहायला बसले.

लग्नाच्या दर वाढदिवसाला साडी नाही, गजरा नाही, आकड्यांची एक जोडी ऐकवायचात. "दहा लाखांच्या अलीकडच्या शेवटच्या दोन मूळ संख्या म्हणजे आपण. आधीची मी, शेवटची तू. आपल्याला कुणी भागू शकत नाही, आणि मधे तिसरं कुणी नाही." मी म्हणायचे, "न विचारता खुलासा कशाला?"

संशय तेव्हापासूनचा. ओझरच्या कारखान्यात तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणारी ती बाई बाराव्याला माझ्यापेक्षा जास्त रडली. का हो? नुसत्या सहकाऱ्यासाठी एवढा रुमाल भिजतो?

म्हणून गेल्या आठवड्यात तुमची संख्या भागायला घेतली. ९९९९८९. सातने जाईना, तेराने जाईना. एकोणीसने गेली, निःशेष. शिवाय आधीची म्हणवता आणि माझ्या ९९९९८३च्या पुढे जाऊन बसता? इतकी वर्षं मला फुटकी संख्या मूळ म्हणून खपवलीत. मग 'मधे कुणी नाही' हेही त्यातलंच का?

आज सायखेड्याहून वन्सं आल्या. त्यांच्यापुढे तुमचं पाप मांडलं. त्यांनी कागद पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"वहिनी, दादा एकोणऐंशी म्हणायचा. तुम्ही एकोणनव्वद लिहिलंय."

"ऐंशीच ना? मग आठ नको?"

"ऐंशीला एक कमी. तुमचं कॉन्व्हेंट काही उतरलं नाही बाई."

ऐंशीचं नाव घ्यायचं आणि ऐंशीपर्यंत पोचायचं नाही, ही कुठली रीत? आणि तुम्हाला ठाऊक होतं, मराठी आकड्यांत माझी नेहमी फसगत होते. एकदा इंग्रजीत सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

तर ९९९९७९ तुम्ही, ९९९९८३ मी. मधल्या तिघींपैकी दोन सम. उरली ९९९९८१, तिला तीनने भाग जातो. संख्यांच्या मधे कुणी नाही, हे मान्य. त्या बाईचं अजून मान्य नाही. आधीची म्हणालात आणि आधी गेलातही. तेवढं मात्र मला न विचारता.

वन्सं म्हणतात, मोबाइलला विचारा, लगेच सांगेल. मोबाइलचं काय ऐकायचं? हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की खात्री होते, असं तुम्हीच सांगितलं होतंत. मी भागणार. आधी तुम्हाला, मग मला. एकही सोडणार नाही. कुठे निःशेष भाग गेलाच, तर हार उतरवीन, सांगून ठेवते.

आज सातपर्यंत आले. बाकी एक उरली आहे.

तुमची (तुमच्याच म्हणण्याप्रमाणे) शेवटची,
मालती