बाप्पाचं सामान, आमची गाडी

शनिवार संध्याकाळ, ऑगस्ट २००९, ब्रॅम्पटन, कॅनडा

डोकं फिरलंय नुसतं! मंडळाच्या गणपतीचं अख्खं स्टेज एका ट्रेलरवर चढवलं आणि जोडलं आमच्या व्हॅनला. व्हॅनच्या मागच्या हुकावर वजनाची मर्यादा ठळक लिहिलीय, ट्रेलर त्याहून कितीतरी जड. मी बोट ठेवून दाखवली. आमचे अध्यक्ष देसाई हसले, "वहिनी, बाप्पाचं काम आहे, काही होत नाही."

माझा नवरा सुधीर चालवत होता. हायवेवर ट्रेलर डोलला आणि शेजारच्या गाडीवर आपटला. ती गाडी चालवणाऱ्या बाईचा हात मोडला. इन्शुरन्सवाला विचारतो, मर्यादा माहीत होती का? मी काय, खोटं बोलू? हुकावर लिहिलंय ना!

भरपाईत मंडळानेही वाटा उचलावा म्हणून देसाईंना फोन केला. "गाडी तुमची, चालवत सुधीर होता. मंडळाचा काय संबंध?" वर म्हणे, "उद्याच्या आरतीचा मान मात्र तुम्हा दोघांचा."

जाणार. सगळ्यांसमोर विचारणार, काम कोणाचं होतं, देसाई?