दोघींचं धुणं

प्रिय शेजारणी,

क्वार्टर सोडून इतकी वर्षं झाली, तरी तुला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला जमत नाही. अबोला मी धरला होता, तेव्हा मोडायचाही मीच. हे गेल्याचं कळलंच असेल. तू आली नाहीस म्हणून चिडले. आली असतीस तर दारातूनच परत पाठवलं असतं, हेही खरं.

शेवटी शेवटी ह्यांना आवाजच नव्हता. घशाची शस्त्रक्रिया झाली आणि बोलणं संपलं. तरी दर सोमवारी लष्कराच्या त्या मोठ्या कचेरीच्या फाटकासमोर खुर्ची टाकून बसायचे, गळ्यात पाटी अडकवून: 'ते औषध आम्ही वाहिलं. आमचा आजार मान्य करा.' भाषण मी ठोकायचे. जन्मभर 'अगं, हळू बोल' म्हणून मला दटावणारा माणूस, आता मी दम खायला थांबले की कोपराने ढोसायचा. जंगलाची पानं झडावीत म्हणून फवारायच्या औषधाची ती गळकी पिंपं ह्यांनी आणि तुमच्याकडच्या भाऊजींनी छातीशी धरून विमानात चढवली होती. माणसाला त्याने काही होत नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं.

कचेरीचं एकच पालुपद, तुकडीतला दुसरा कोणी साक्ष देईल का? भाऊजींनी निरोप धाडला, मी तर ठणठणीत आहे, मी काय सांगू? त्या दिवशी हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवलेसुद्धा नाहीत. माझा राग भाऊजींवरचा, पण फोन तू उचललास आणि सगळा तुझ्यावर निघाला.

आठवतं, दोघं सुट्टीवर आले की त्यांचे गणवेश आपण एकाच टबात भिजवायचो? पाण्यावर तेलकट तवंग यायचा. तू म्हणायचीस, हे लढाईला जातात की गॅरेजात कामाला? हसून हसून पोट दुखायचं. मग हात खाजत राहायचे आणि आपण साबणाच्या नावाने बोटं मोडायचो.

माझ्या मानेत गाठ निघाली आहे. साधी नाही. हे असतानाच कळलं होतं, पण त्यांना सांगितलं नाही. जाताना त्यांचा राग कचेरीवर होता. तो स्वतःवर उलटला असता तर मला बघवलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमचा कधी त्या औषधाशी संबंध आला होता का? मी सरळ नाही म्हणाले. घरी येताना बसमध्ये तो टब आठवला आणि मी सगळ्यांदेखत रडले.

त्या दिवशी फोनवर मी ओरडत होते आणि तू सारखी खोकत होतीस. तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही, आता तो खोकला कानातून जात नाही. भाऊजींची साक्ष राहू दे बाई. तू आधी तपासून घे. एकटी जाऊ नकोस, मला बोलाव. सोमवारी मी फाटकाशी बसणारच आहे. पाटी ह्यांचीच आहे. 'आम्ही वाहिलं'च्या खाली मी 'आम्ही धुतलं' असं लिहिलं आहे.

तुझीच,
टबाच्या पलीकडची