हिरव्या साडीतला फोटो

जळगाव जामोद, मंगळवार, दिवेलागण

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आमच्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर जागा उरली नव्हती. सकाळी ह्यांनी लिनक्सची एका ओळीची कमांड लिहून दिली. वर्षभरात जो फोटो कोणीच उघडला नाही, तो तिनं पुसला जातो. "आधी नुसती नावं पाहून घेजो, मंगच डिलीट कर," असं बजावून हे संग्रामपूरला लग्नाच्या ऑर्डरवर गेले.

मी पुसल्या जाणाऱ्या नावांत फक्त सुनंदा शोधली. माझ्याआधी ह्यांना सांगून आलेली, हिरव्या साडीतली सुनंदा. नव्हती! म्हणजे वर्षभरात तिचा फोटो उघडला गेलाय. कोण उघडणार, हेच ना? बाकी काही न बघता मी रागानं डिलीट मारलं.

हे परत आल्या आल्या मी विचारलं, "तिचा फोटो काऊन ठेवला अजून?"

"कोनाचा?"

"सुनंदाचा. हिरव्या साडीतला."

"तो हाये काय अजून?" हे हसले. "मले त तिचा चेहराबी आठवत नाही."

खोटं बोलत नव्हते. ते मला कळतं. मग उघडत होतं कोण? पोळ्याला मी. दिवाळीला पुन्हा मी. भांडण झालं की दर वेळी मीच. त्या हिरव्या साडीचे काठसुद्धा मला पाठ आहेत.

मग आमच्या लग्नाचे फोटो पाहावेसे वाटले. फोल्डर रिकामं. वर्षभरात ते ह्यांनी एकदाही उघडले नव्हते.

मीही नाही.