माधवीच्या लग्नाला मामा का आला नाही

तीर्थस्वरूप मोहनराव दाजी यांना,

वरकुट्याहून नागेशचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखर वाकून. गेलं वर्षभर वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आता येत नाही, तेव्हा हा नमस्कार आधीच्या सगळ्या नमस्कारांपेक्षा भारी समजावा. आक्काचा गुडघा कसा आहे? तुमची जर्सी व्यायली का? माधवी सासरी रमली असेल. आमच्याकडं कौसल्या बरी आहे. मेंढरं बारा होती, त्यातलं एक लांडग्यानं नेलं आणि राहिलेल्या अकरांनी त्यातून काही धडा घेतला नाही, अजून तिकडंच चरायला जातात.

मे महिन्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. तुमचं बरोबर आहे. सख्ख्या भाचीचं लग्न, आणि तिच्या पाठीशी उभं राहायला मामा नाही. ऐन वेळी चुलत मामा म्हणून हिंदुरावांना उभं करावं लागलं. (ते म्हणे मंगलाष्टकं चालू असताना दोनदा शिंकले. तो दोषही माझ्याच खात्यावर धरा.) मी का आलो नाही हे फोनवर सांगायला दोनदा घेतलं. दोन्ही वेळा आक्का 'हॅलो' म्हणाली आणि मी पाऊसपाण्याचं विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

जानेवारीत आमच्या गावात रक्तदान शिबिर झालं. रक्त देणाराला स्टीलचा डबा मिळणार होता, तो कौसल्याला पाहिजे होता, म्हणून मी आडवा झालो. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून बाईचा फोन. म्हणाल्या, एकदा समक्ष येऊन भेटा, फोनवर सांगण्यासारखं नाही. आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मला वाटलं, माझं रक्त काहीतरी विशेष निघालं, सत्कार असणार. इस्त्रीची कापडं घातली, कौसल्यालाही जरीचं लुगडं नेसायला लावलं. तिथं गेल्यावर त्या बाईंनी तिला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि मला सांगितलं की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी आहे.

तुम्हाला आम्ही नुसती कावीळ म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. ही डोळे पिवळे न करता वीसवीस, तीसतीस वर्षं लिव्हरमध्ये गुपचूप बसून राहते. कुठून आली ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. लहानपणी मेंढरांमागं गावोगाव फिरताना ताप आला की कुणीही एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचं, त्यातलं असावं असं बारामतीच्या सुकन्या डॉक्टरीण म्हणाल्या. (त्या वयानं आपल्या माधवीएवढ्या, पण समोर बसलं की मला शाळेत गेल्यासारखं होतं.) सोनोग्राफीत लिव्हर आक्रसलेलं निघालं, पोटात थोडं पाणी. मला आधी का कळलं नाही म्हणून त्यांनी विचारलं. पाय सुजत होते हे मला माहीत होतं, दाजी. मी एक नंबर मोठ्या चपला घेतल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कौसल्याला आत बोलावून समजावलं, की शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे होत नाही, रक्तातून होतं, फक्त दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा. तिचंही रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. घरी आल्यावर तिनं माझं ब्लेड लाल दोऱ्यात बांधून आढ्याला टांगलं. रोज सकाळी दाढीसाठी मला स्टुलावर चढावं लागायचं. ती मला घाबरली नाही, ब्लेडला घाबरली. एवढ्यानंच मला केवढा धीर आला! गावाला मात्र आम्ही काही कळू दिलं नाही. लोकांना एवढं लांबलचक नाव कुठं ध्यानात राहणार, ते सरळ एड्स म्हणून मोकळे होतात.

मार्चअखेर गोळ्या सुरू झाल्या. सरकारी केंद्रातून मिळतात, तीन महिन्यांच्या. त्यातली एक गोळी फार वाईट. रक्त कमी होतं, दहा पावलं चाललं की धाप, रात्री झोप नाही, अंगाला खाज, आणि राग तर असा, की मी एकदा चहात साखर जास्त झाली म्हणून कप भिंतीवर मारला. कौसल्या तुकडे वेचत बसली. लग्नाला तीस वर्षं झाली, मी तिच्यावर कधी हात काय, आवाजही चढवला नव्हता.

दर महिन्याला गोळ्या घ्यायला जायचो तिथल्या बाकावर एक साखरबाई म्हणून भेटल्या. पिंपळीच्या, साठीच्या आतबाहेर, माझ्या एक महिना पुढं. माझं तोंड बघून त्यांनी आपणहून विचारलं, "राग येतो का?"

मी म्हटलं, "लई येतो. माझीच मला भीती वाटाय लागलीय."

"त्यो राग तुमचा न्हाय, गोळीचा हाय," त्या म्हणाल्या. "गोळीलाच शिव्या द्यायच्या. बायकूला न्हाय. मी तर नावं ठेवलीती गोळ्यांना."

घरी येऊन मी गोळ्यांच्या डबीला मोकळ्या मनानं शिव्या दिल्या. कौसल्या चुलीपासून ओरडली, "कोण आलंय वो?" त्या दिवशी आम्ही दोघं तीन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. त्यानंतर साखरबाईंचा रोज सकाळी आठला फोन. 'घेतली का?' 'घेतली.' बास, एवढंच बोलणं.

आता लग्नाचं सांगतो. मी घरात बसून राहिलो नव्हतो, दाजी. फेटा बांधून, माधवीची साडी पिशवीत घालून सकाळच्या गाडीनं बारामतीला उतरलो. कौसल्याच्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून ती इंदापूरला होती, हे तेवढं खरं सांगितलं होतं. एसटीतून उतरलो. स्टँडवरच्या बाकावर बसलो. तुमच्या कन्हेरीला जायला रिक्षा समोर उभ्या होत्या. पण मनात यायचं, मांडवात शिरलो की पहिला माणूस विचारणार, नागेश, एवढा कसा रे वाळलास? आणि मी एक तर त्याच्या अंगावर जाणार नाहीतर सगळ्यांसमोर रडणार. पोरीच्या अक्षता व्हायच्या वेळी मामा रडतोय, तेही भलत्याच कारणानं! अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आक्काचे फोन येत होते आणि मी फोनकडं बघत होतो. शेवटी बंद केला. मग गोळ्यांची डबी काढली आणि कचऱ्याच्या पेटीजवळ जाऊन उभा राहिलो.

टाकायच्या आधी काय वाटलं कुणास ठाऊक, फोन चालू करून साखरबाईंना लावला. म्हटलं, "सकाळची घेतली न्हाय. आठला तुमाला खोटंच सांगितलं. इथनं पुढं घेणार बी न्हाय."

त्यांनी विचारलं, "कुठं हाय तुमी?"

अर्ध्या तासात त्या रिक्षानं आल्या. तुम्हाला वाटेल, मोठं काही समजावलं असेल. काही नाही. फेट्याकडं बघितलं, पिशवीतल्या साडीकडं बघितलं, सगळं कळलं त्यांना. शेजारी बसून फडकं सोडलं. भाकरी आणि मेथीची भाजी होती. मला म्हणाल्या, "अर्धी खावा." मी अर्धी खाल्ली. माझ्या हातातली उरलेली अर्धी त्यांनी घेतली आणि स्वतः खाल्ली. मग पाण्याची बाटली पुढं केली, "घ्या आता गोळी." घेतली. अक्षता पडायची वेळ तेव्हा होऊन गेली होती. त्यांनी मला वरकुट्याच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या.

तर मामा लग्नात असा नव्हता. तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. माहीत असावं एवढंच.

जूनअखेर गोळ्या संपल्या. पुढं तीन महिने थांबून परत रक्त तपासतात, तेव्हा खरं काय ते कळतं. गेल्या पंधरवड्यात माझा रिपोर्ट आला. विषाणू सापडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर लगेच पहिल्यासारखं होणार नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, पण आजार गेला. मी दारात येऊन खाली बसलो. कौसल्यानं घरी गेल्यावर आढ्याचं ब्लेड सोडलं आणि त्यानंच तो दोरा कापला.

आक्काला हे सगळं वाचून दाखवा. माधवीची साडी अजून घडी न मोडता ठेवली आहे. ती दिवाळीला माहेरी आली की सांगा, मी येऊन देईन.

तुमचा मेहुणा,
नागेश

ता. क. साखरबाईंचा रिपोर्ट वर लिहिला नाही. विसरलो नव्हतो, हात चालेना. त्यांचा माझ्या आधीच आला होता. त्यांच्या रक्तात तो परत सापडला आहे. माझा चांगला निघाला त्या दिवशी मी बाकावर सगळ्यांना पेढे वाटले, तेव्हा त्यांनीच पुडा हातात घेऊन पुढं पुढं वाटले. त्यांचा कागद तेव्हा त्यांच्या पिशवीत होता. मला आठवड्यानं नर्सबाईंकडून कळलं.

दुसरा ता. क. आता त्यांना नव्यानं गोळ्या घ्यायच्या आहेत, या खेपेला सहा महिने. त्या नको म्हणतात. मुलगा इंद्रजित पुण्याला असतो, त्याला सांगू देत नाहीत. कारण त्याच्याच बाळंतपणात त्यांना रक्त चढवलं होतं, आणि हे त्यातूनच आलं असावं. ते त्याला कधीच कळू नये एवढंच त्यांचं म्हणणं. मी फोन करतो तर उचलत नाहीत. मंगळवारी त्यांना बारामतीच्या दवाखान्यात बोलावलं आहे, पण नेणारं कुणी नाही. मी आलो तर त्या मलाच धीर द्यायला बसतील. आणि कन्हेरीहून पिंपळी तुम्हाला किती लांब?

तिसरा ता. क. तुम्हाला धीर द्यायला जमत नाही, बोलायलाच जमत नाही, हे मला ठाऊक आहे. दाजी, तेच पाहिजे आहे. धीर देणारी माणसं त्यांना खूप भेटली. नुसतं शेजारी बसणारं कुणी नाही.

चौथा ता. क. नर्सबाईंकडून त्यांना निरोप पोचवला आहे, की मंगळवारी नऊ वाजता आमचे दाजी मोटारसायकल घेऊन दारात येतील. साखरबाईंनी उलट विचारलं म्हणे, येतील का पण? मी कळवलं, आमचे दाजी कधी नाही म्हणत नाहीत. हे पत्र तुम्हाला सोमवारी संध्याकाळी मिळेल असं बघून पाठवतो आहे.