बिनब्रेकची होडी

सौ. वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कबूल. दादा इथे पोचला त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं, पण 'दादा सुखरूप' एवढं लिहून झालं आणि पेन घेऊन दादाच कुठे तरी गेला. दुसरा कागद ओला झाला. तिसऱ्यावर इतकं खरं लिहिलं की मलाच वाचवेना. हा चौथा. (दरीत फोन लागत नाही, त्यासाठी वरच्या दुकानापर्यंत चढावं लागतं, आणि चढताना काय सांगायचं ते मी विसरतो.) तुमची मान कशी आहे? गाडीच्या आरशात मागचं बघून आखडली होती ती. गाडी शिकायचं तुम्ही सोडलंत असं दादा म्हणाला. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अर्धं गाव शिकलं, कुणावर आवाज चढवला नाही त्याने, फक्त तुम्ही चाक हातात घेतलंत की शेजारी बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबायचा. मी मागे बसलो होतो एकदा, माझ्या कपाळाला ठाऊक आहे.

तर मी इथे काय करतो ते सांगायचं राहिलं. नदीकाठी एक पत्र्याची शेड आहे. खळाळत्या पाण्यात होडी चालवायला लोक तिथे येतात. त्या होड्या मी धुतो, वाहतो, तडकल्या की जोडतो. शिकवतो तो उस्ताद. सगळ्यात वरच्या खुंट्यांवर एक लाल होडी असते, आखूड, माणसाच्या उंचीहून वीतभरच जास्त. तळ ताटासारखा सपाट, दोन्ही टोकं जिभेसारखी पातळ. संथ पाण्यात ती अगदीच निकामी, वल्हं मारलं की पुढे जायचं सोडून नाक इकडेतिकडे वळवते. पण लाटेवर बघा तिला. नदीतली लाट पळत नाही, जागच्या जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून निघून जातं. लांब होडी त्या पाण्याबरोबर निघून जाते. लाल होडी वरच्या अंगाला तोंड करून लाटेच्या उतारावर बसते, घसरत राहते आणि तरी तिथेच राहते. ओल्या फरशीवर ताट फिरावं तशी गोल फिरते.

लाटेच्या पुढे होल. पाणी खडकावरून पडतं, तळाशी जातं आणि वर येऊन परत खडकाकडेच वळतं, किल्ली विसरलेल्या माणसासारखं. (आईला फोनवर 'रोज होलमध्ये जातो' म्हटलं, तर तिने हॉल ऐकलं आणि जेवण बरं असतं का विचारलं.) लांब, जड होडी तो फेस फोडून पलीकडे जाते. आखूड होडीला होल धरून ठेवतो. नाक बुडालं की शेपूट आभाळाकडे, शेपूट बुडालं की नाक. काठावरच्यांना वाटतं काय कोलांट्या मारतोय. सगळी मेख कमरेत. पाणी वाहून जातं त्या बाजूला झुकायचं आणि वरच्या बाजूची कड उचलून धरायची. ती बोटभर बुडाली तरी वरचं पाणी तिच्यावर चढून बसतं आणि माणूस उलटा. हे मला दोन वर्षं पाठ आहे. तरी आत गेलो की मी धबधब्याकडे बघतो, मागे रेलतो, कड बुडते.

दादा चार दिवसांसाठी आला होता. आज अकरावा. तिसऱ्या दिवशी उस्तादाने गंमत म्हणून त्याला लाल होडीत घातलं. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला रबरी घागरा घालतात आणि त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवतात. दादा घागऱ्यात कसा दिसतो ते मी सांगत नाही, फोटो काढलाय. त्या दिवशी तो चौदा वेळा उलटला. मी मजेत मोजलं. वर, कमरेच्या झटक्याने होडी सरळ कशी करायची ते मीच शिकवलं. (माझ्यासारखा शहाणा मीच.) पाचव्या दिवशी तो होलमध्ये गेला आणि बसला. नुसता बसला, वहिनी. होडी थयथय नाचतेय आणि हा वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा.

"आत करता काय तुम्ही?" उस्तादाने विचारलं. (मला 'ए', दादाला 'तुम्ही'.)

"काही नाही. शेजारी कुणी तरी शिकतंय असं समजतो. चाक त्याच्या हातात. आपण दचकलो की तो आणखी बिघडवतो."

उस्ताद हसला. त्याला दात आहेत हे मला दोन वर्षांनी कळलं.

लाल होडी शिकवायला या हंगामात एक माणूस हवाय. मी विचारलं की उस्ताद 'बघू' म्हणतो. परवा चहा पिताना तो दादाला म्हणाला, "शिकवणं तुमचा धंदाच आहे. राहा की इथे." आणि दादा म्हणाला, "घरी विचारतो." नाही म्हणाला नाही. मग ठरलं की रविवारी दादाने आणि मी होलमध्ये उतरायचं, जास्त वेळ टिकेल त्याची लाल होडी.

घरात अक्षर दादाचं चांगलं, गणित दादाचं, चपलासुद्धा मी दादाच्याच घालायचो. पाण्याला तेवढा तो भ्यायचा, म्हणून मी पाणी धरलं. आता इथेही मी त्याच्याच चपलांत उभा आहे. असो, दादाची तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

तुमचा,
धाकटा

ता. क. : काळजी असावी. दादाला ताबडतोब बोलावून घ्या. कारण काहीही सांगा, शिकाऊ लोक दारात बसलेत म्हणा. रविवारच्या आत.

ता. क. २ : काल मी त्याच्या होडीतली पाय रोवायची फळी दोन खाचा पुढे ढकलली, म्हणजे पाय लोंबकळतील. रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन पुन्हा होती तशी बसवली. हे त्याला सांगू नका.

ता. क. ३ : रविवार उजाडला आणि पाकीट अजून माझ्या खिशात. मी वीस अंकांपर्यंत टिकलो, इतका कधीच नव्हतो टिकलो. आता दादा आत आहे आणि मी काठावर हे लिहितोय. उस्ताद मोजतोय, पंधरा. दादा आरामात. सोळा. वरून कुठली तरी गाडी येतेय, छपरावर आपल्या गाडीसारखाच 'शिकाऊ'चा लाल फलक. सतरा. बाई एकट्याच चालवतायत. इतके दिवस पत्र नाही म्हटल्यावर कोण निघेल याचा मी विचारच केला नव्हता. अठरा. गाडी उतारावर, चांगलीच जोरात. दादाने बघितलं. दोन्ही पाय त्या फळीवर गच्च दाबले त्याने आणि मागे रेलला. कड बुडाली.

वहिनी, तो ठीक आहे, खालच्या संथ पाण्यात सरळ झालाय आणि अजून ब्रेक दाबतोय. पत्र हातातच देतो, पहिला ता. क. वाचू नका. आधी हँडब्रेक ओढा.